विनाचष्मा, सहा बाय सहा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीत विजेची पॅनेल तयार होत. हर्षाली गांगुर्डे तिथे सहा महिने ट्रेनी होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एचआरच्या बाईंनी तिला आणि रुखसारला एकाच वेळी आत बोलावलं आणि दोघींपुढे चार-चार पानांचा करार ठेवला. नोकरी पक्की होणार होती. अट अशी, की दोन वर्षं कंपनी सोडायची नाही, आणि तोवर दहावीपासून पदवीपर्यंतच्या मूळ गुणपत्रिका कंपनीच्या कपाटात राहतील. बाईंनी हे रोजच्या आवाजात सांगितलं. आधीच्या तीन तुकड्यांनी सह्या केल्या होत्या, त्यांची कागदपत्रं त्याच कपाटात होती.

रुखसारने तिथल्या तिथे सही केली. हर्षालीने दोन दिवस मागून घेतले.

दोघी इंजिनिअरिंगला एका वर्गात होत्या आणि आता सिडकोत पवननगरला एका खोलीत राहत. रुखसार मालेगावची. तिचे अब्बा शफीभाई यंत्रमाग चालवत, आणि घरात पगाराची नोकरी करणारी ती पहिलीच होती. हर्षाली मनमाडच्या रेल्वे कॉलनीतली. तिचे वडील मल्हारी गांगुर्डे रेल्वेत कीमन होते. म्हणजे रोज सकाळी ठरलेल्या पट्ट्यातून रूळ तपासत चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सुटल्या असतील तर ठोकायच्या आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. हे काम ते सव्वीस वर्षं करत होते.

दोन दिवस मागण्याचं कारण तीन दिवस आधी लागलेला निकाल होता. सहायक लोको पायलटच्या भरतीचा, म्हणजे इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी बसून सिग्नल बघणाऱ्याच्या जागेचा पहिला पेपर हर्षालीने नोव्हेंबरात रजा काढून दिला होता आणि त्यात ती पास झाली होती. अजून दुसरा पेपर, मग संगणकावरची चाचणी, मग कागदपत्रांची तपासणी आणि शेवटी मेडिकल, इतकं बाकी होतं. तपासणीला मूळ गुणपत्रिका लागणार होत्या. त्या कंपनीच्या कपाटात असतील तर जाऊन उपयोग नव्हता.

"अख्खा देश बसतो त्या परीक्षेला, गांगुर्डे," रुखसार त्या संध्याकाळी म्हणाली. "इथे निदान दोन वेळा चहा तरी मिळतो."

"तो चहा आहे असं तुला वाटतं?"

"सही कर. दोन वर्षं आत्ता जातील. तुझं इंजिन काय पळून चाललंय?"

हर्षालीने घरी फोन केला. मल्हारीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली. कागद एकदा दुसऱ्याच्या कपाटात गेला की आपला राहत नाही, तेव्हा सही करायची नाही. पुढच्या सोमवारी हर्षालीने राजीनामा दिला. ट्रेनीला अनुभवाचा दाखला मिळत नाही, असं तिला सांगण्यात आलं.

हा धोका तिने डोळे मिटून घेतला होता असं म्हणता येणार नाही. अभ्यासात ती पहिल्यापासून बरी होती. संगणकावरच्या चाचणीचा सराव तिने तेव्हाच सुरू केला होता. आणि या भरतीत जिथे भलेभले अडकतात त्या मेडिकलची काळजी तिच्या घराने चार वर्षांपूर्वीच मिटवून ठेवली होती.

ते असं झालं. चांदवडला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना हर्षालीला चष्मा लागला. नंबर उणे दोन. दुसऱ्या घरात ही साधी गोष्ट ठरली असती. रेल्वे कॉलनीत तसं नव्हतं. तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की इंजिनावर जायचं तर ए-वन मेडिकल लागतं आणि ए-वन म्हणजे विनाचष्मा सहा बाय सहा. मल्हारीच्या गँगचा, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचा, मुकादम गेणूदादा. त्याचा थोरला मुलगा वीस वर्षांपूर्वी सगळे पेपर पास होऊन चष्म्यापायी मेडिकलमधून परत आला होता आणि आता स्टेशनाबाहेर रिक्षा चालवत होता. त्याचं उदाहरण कॉलनीत प्रत्येक वाढत्या पोराला दिलं जाई. पोरं गाजर खात, सकाळी गवतावर अनवाणी चालत, मोबाइल लांब धरत.

मल्हारीने गाजरावर भरवसा ठेवला नाही. त्याने चार दिवसांची रजा टाकली, हर्षालीला नाशिकला नेलं आणि लेसरने तिचा नंबर काढून घेतला. त्या दवाखान्यात त्याने विचारलं होतं, की सरकारी नोकरीला चालतं ना. काउंटरवरच्या माणसाने चालतं असं सांगितलं. कोणती नोकरी, ते त्याने विचारलं नाही आणि मल्हारीने सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी हर्षाली बिनचष्म्याची कॉलनीत फिरायला लागली. मल्हारी हुशार निघाला, असं लोक म्हणाले. गेणूदादाही म्हणाला, आणि त्या दिवशी तो लवकर घरी गेला.

फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत हर्षाली त्रिमूर्ती चौकाजवळच्या अभ्यासिकेत बसली. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, मध्ये डबा. रुखसार कंपनीच्या बसने जायची आणि परतल्यावर दिवसभराच्या गोष्टी सांगायची. कोणत्या पॅनेलचं वायरिंग उलटं लागलं, कोणता सुपरवायझर कोणावर घसरला. मे महिन्यानंतर त्या गोष्टींतली नावं हर्षालीला ओळखीची वाटेनाशी झाली. तिची जागा कळवणच्या एका मुलीला दिली होती. रुखसारच्या मते मुलगी बरी होती, पण डब्यातली भाजी कुणाला देत नव्हती.

दुसरा पेपर झाला. चाचणी झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस यादी लागली आणि तिचा क्रमांक यादीत होता. मनमाडला मल्हारीने गँगमध्ये पेढे वाटले. आई लंकाबाईने शेजारच्या वत्सलाबाईला सांगितलं आणि पुढचं काम वत्सलाबाईने केलं. संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या दोन्ही टोकांना बातमी पोचली, की आपल्यातली पोरगी इंजिनावर चालली.

तपासणीचं पत्र आलं. जायला अकरा दिवस होते. सोबत न्यायच्या कागदांत डोळ्यांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र होतं, ठरावीक नमुन्यातलं. हर्षालीने नमुना छापून घेतला आणि ती शरणपूर रोडवरच्या एका डॉक्टरबाईंकडे गेली. साठीच्या बाई होत्या. त्यांनी अक्षरं वाचायला लावली. हर्षालीने शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी न अडखळता वाचली. रंगांचे ठिपके ओळखले. बाईंनी सहा बाय सहा असं दोन ठिकाणी लिहिलं. मग हनुवटी यंत्रावर ठेवायला सांगून त्या आतून बराच वेळ बघत राहिल्या.

"लेसर कधी केलंस?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं झाली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. जाहिरात आहे का, म्हणून विचारलं. ती हर्षालीच्या मोबाइलमध्ये होती. मेडिकलचं पान कुठे आहे ते बाईंनाच शोधावं लागलं, कारण हर्षालीने ते कधी उघडलं नव्हतं. तिने अभ्यासक्रम वाचला होता, जागा वाचल्या होत्या, वयाची अट दोनदा वाचली होती. मेडिकलचं काय वाचायचं? ते तर घरात पाठ होतं. पावणेदोन वर्षं ती फाइल तिच्या मोबाइलमध्ये होती आणि त्यात सरळ लिहिलं होतं, की नंबर घालवण्यासाठी लेसर किंवा दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदाला अपात्र आहे.

हर्षालीने ते वाक्य तीन वेळा वाचलं.

बाईंनी तिला पाणी दिलं. लेसर नीट झालंय, दृष्टी चांगली आहे, दुसरी कोणतीही नोकरी कर, असं त्या म्हणाल्या. नुसतं सहा बाय सहाचं प्रमाणपत्र मात्र देता येणार नाही. दृष्टी लिहीन आणि खाली शस्त्रक्रिया झाल्याचंही लिहीन. तिकडे बुबुळावरच्या पडद्याची जाडी मोजली तर कळतं; नाही मोजली तर नाही कळत, तेही त्यांनी लपवलं नाही.

"एक सांग," बाई म्हणाल्या. "अंधार पडताना दिव्यांभोवती काही दिसतं?"

"नाही," हर्षाली म्हणाली.

हे खरं नव्हतं. संध्याकाळी मुंबई-आग्रा रस्त्याच्या पुलावर समोरून गाड्यांचे दिवे यायला लागले, की प्रत्येक दिव्याभोवती तिला एक फिकट कडं दिसायचं. दोन दिवे जवळजवळ असले की कडी एकमेकांत मिसळायची आणि थोडा वेळ एकच मोठा दिवा आहेसं वाटायचं. चार वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांनाच असं दिसत असेल, असं ती आधी धरून चालली होती, आणि नंतर तो विषय स्वतःशीही काढायचं तिने सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मनमाडला गेली. मल्हारी अडीचला ड्युटीवरून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. त्याचं जेवण होईपर्यंत ती थांबली आणि मग तिने सगळं सांगितलं. मोबाइलवरचं पान दाखवलं. मल्हारीने मोबाइल हातात घेतला नाही. वाचून दाखव, म्हणाला. तिने वाचलं. पुन्हा वाच, म्हणाला. लंकाबाई ओट्यापाशी उभी होती. तिने विचारलं, की म्हणजे आपण डोळे नीट केले म्हणून नोकरी नाही?

मल्हारीने कुणाला दोष दिला नाही. दवाखान्याला नाही, काउंटरवरच्या माणसालाही नाही. तो उठून बाहेर गेला आणि दीड तासाने परत आला. तेवढ्या वेळात तो स्टेशनाबाहेर लखनच्या दुकानात जाऊन आला होता. लखन ऑनलाइन फॉर्म भरून देई आणि फॉर्मांच्या पलीकडचीही कामं करी. त्याचं म्हणणं असं होतं, की एका तालुक्याच्या गावी एक डॉक्टर आहेत, ते माणूस न बघता नमुना भरून देतात. मेडिकलला दिवसाला शेकडो पोरं असतात, प्रत्येकाच्या पडद्याची जाडी कोण मोजत बसतं. तोंडाने विचारलं तर नाही म्हणायचं. लिहायला लावलं तर नाही लिहायचं.

"तुला समदं दिसतंय का नाय?" मल्हारीने विचारलं.

"दिसतंय."

"मग झालं तर. चष्मा नाय पाहिजे, तर चष्मा नाय. त्यांना अजून काय पाहिजे?"

"पप्पा, रुळाला चीर दिसली आणि साहेब म्हणाला लिहू नको, तर तुम्ही काय कराल?"

हे विचारायला तिच्याकडे कारण होतं. सहा वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे मल्हारीने केसाएवढ्या चिरेसाठी एक एक्सप्रेस चाळीस मिनिटं उभी केली होती. गाडी गेली असती, असं नंतर साहेब म्हणाला. मल्हारीने नोंदवहीतला शब्द बदलला नाही. ही गोष्ट कॉलनीत त्याच्याबद्दल सांगितली जात होती, तो स्वतः कधी सांगत नसे.

"रूळ वेगळा, डोळा वेगळा," तो म्हणाला. "रुळावरून दुसरी माणसं जातात."

त्याने हे म्हटलं आणि त्यालाच ते ऐकू आलं असावं. कडी दिसतात हे सांगायला तो क्षण योग्य होता. हर्षालीने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली हे एक झालं असतं, आणि पोरीच्या डोळ्यांना आपण कायमचं काही करून ठेवलं हे दुसरं. पहिल्यानेच त्याचे खांदे उतरले होते.

तपासणीच्या दिवशी मल्हारी पहाटेच्या गाडीने नाशिकरोडला आला. हर्षाली फलाटावर होती. त्याने शर्टाच्या आतून पाकीट काढून तिला दिलं. लखनने आणलेलं प्रमाणपत्र होतं, शिक्का निळा आणि ठसठशीत. डॉक्टरने तिचं नाव हर्षलता लिहून मग खोडून हर्षाली केलं होतं आणि खोडलेल्या जागी पुन्हा सही केली होती. तिच्या फाइलमध्ये शरणपूर रोडच्या बाईंचं प्रमाणपत्रही होतं. ते तिने काढून टाकलं नव्हतं.

"हेच द्यायचं," मल्हारी म्हणाला.

तिने पाकीट फाइलमध्ये ठेवलं. गाडी आली. तो खिडकीपाशी उभा राहिला, आणि गाडी सुटल्यावर सवयीने त्याची मान खाली रुळांकडे वळली.

मुंबईत भरती कार्यालयाच्या हॉलमध्ये तिचा नंबर दुपारी बाराला लागला. टेबलामागे पन्नाशीचे एक कारकून होते. त्यांनी गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार एकेक करून बघितलं आणि बाजूला लावलं. मग एक छापील फॉर्म तिच्यासमोर सरकवला. त्यात सात प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे हो-नाहीचे चौकोन. पाचवा प्रश्न डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा होता. मागे रांग होती, पण कारकुनांनी घाई केली नाही.

हर्षालीने पेन काढलं. चार चौकोनांत खुणा केल्या. पाचव्यापाशी ती थांबली. त्या वेळी तिला सत्याबद्दल किंवा बापाबद्दल काही मोठं वाटलं, असं नाही. तिला इतकंच दिसलं, की आपण इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी बसलो आहोत, दिवेलागण झाली आहे, समोर यार्डात एकमेकांशेजारी दोन सिग्नल आहेत आणि आपल्या गाडीचा कोणता ते ओरडून सांगायचं आहे. ड्रायव्हर आपल्या ओरडण्याची वाट बघतो आहे. आणि दोन दिव्यांचं एक कडं झालं आहे.

तिने 'हो'च्या चौकोनात खूण केली आणि शरणपूर रोडच्या बाईंचं प्रमाणपत्र जोडलं.

कारकुनांनी ते वाचलं. "हेच लावायचंय ना?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. हे लावलं तर इथेच थांबतं, पुढे मेडिकलला पाठवता येत नाही, असं त्यांनी समजावलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिने पुन्हा हो म्हटलं. त्यांनी दुसऱ्या एका रजिस्टरात तिची सही घेतली आणि गुणपत्रिका परत दिल्या. सगळं मिळून बारा मिनिटं लागली. बाहेर आल्यावर कॉरिडॉरमधल्या डब्यात तिने लखनचं पाकीट फाडून टाकलं.

मल्हारी मनमाडला परत गेलाच नव्हता. संध्याकाळी गाडी नाशिकरोडला लागली तेव्हा तो त्याच फलाटावर, पाण्याच्या नळाजवळ बसलेला होता. दिवसभर तिथेच होता की कुठे फिरून आला, ते त्याने सांगितलं नाही.

"पकडलं?"

"नाही. मीच सांगितलं."

मल्हारीला ते समजायला वेळ लागला.

"त्यांनी मशीन लावलं?"

"नाही लावलं. मी लिहून दिलं."

"कशापायी?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं. फलाटाच्या टोकाला दिवे लागलेले होते आणि प्रत्येकाभोवती तिला ते कडं दिसत होतं. तिने फाइल दुसऱ्या हातात घेतली. मल्हारी म्हणाला, "समदं हातात आलं होतं. तू सोडलंस." एवढं बोलून तो जिन्याकडे चालायला लागला. मनमाडची गाडी दुसऱ्या फलाटावरून होती.

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. घरी फोन केला की लंकाबाई बोलायची आणि मागे टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा. दिवाळीचे दिवे कॉलनीत अजून उतरले नव्हते तेव्हाच लोक विचारू लागले होते, आणि मल्हारीने सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं. पोरीचं मन उतरलं. नोकरी हातात आली आणि तिनेच सोडली. शिकल्यावर असं होतं. लेसरचा विषय तो काढत नसे आणि दुसरं कुणी काढायचं कारण नव्हतं, कारण कॉलनीच्या हिशेबाने डोळे चार वर्षांपूर्वीच पास झालेले होते. हे हर्षालीला आईकडून कळलं. लंकाबाईला ते पटत नव्हतं. खरं काय ते लोकांना सांग, असं ती दोनदा म्हणाली. हर्षालीने नको म्हटलं.

तिने अंबडच्या कंपनीत विचारून बघितलं. एचआरच्या बाई तशाच आवाजात म्हणाल्या, की जागा नाही, झाली तर कळवू. रुखसारने सुपरवायझरकडे शब्द टाकला, त्याचं काही झालं नाही.

"सही कर म्हटलं होतं ना तुला," रुखसार म्हणाली. नंतर तिलाच वाईट वाटलं असावं. तिने दोन दिवस स्वतःच्या पाळीची भांडीही घासली आणि हर्षालीच्याही.

डिसेंबरात सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. मालक अमित पाटील आणि चार कामगार. तयार पॅनेलची चाचणी घ्यायची, चुका शोधायच्या. नेमणुकीचं पत्र नव्हतं. मार्चपर्यंत ऑर्डर आहेत, पुढचं पुढे बघू, असं अमितने पहिल्याच दिवशी सांगितलं. ज्या पदांना चष्मा आणि लेसर चालतं अशा एका भरतीचा फॉर्म तिने भरला. या वेळी तिने मेडिकलचं पान आधी वाचलं. परीक्षेची तारीख आलेली नव्हती. अभ्यासिकेतली तिची जागा दुसऱ्या कुणी घेतली होती, म्हणून ती खोलीवरच वाचायला बसे. वाचलेलं पूर्वीसारखं लक्षात राहत नव्हतं.

जानेवारीच्या एकतीस तारखेला गेणूदादा निवृत्त झाला. रेल्वे कॉलनीत निवृत्तीचा कार्यक्रम लग्नासारखा असतो. हार घालून, गुलाल लावून, उघड्या जीपमधून बँडच्या मागे माणसाला घरी आणतात आणि मग सगळ्या कॉलनीचं जेवण होतं. न जाणं शक्य नव्हतं, कारण न येणाऱ्याची गोष्ट जेवताना निघते. हर्षाली सकाळच्या गाडीने आली.

पंगत मंडपात होती. बायका एका बाजूला, पुरुष समोर, मध्ये वाढप्यांना जायला जागा. गेणूदादा हार न काढता सगळ्यांना जेवा-जेवा करत फिरत होता. मल्हारी समोरच्या ओळीत, तिच्यापासून चार पानं सोडून बसलेला होता. गेणूदादा हर्षालीसमोर येऊन थांबला.

"का गं हर्षे, इंजिनावर कधी बसतीस? मी रिटायर व्हायच्या आत तुझा एक हॉर्न ऐकायचा होता मला."

आजूबाजूचे लोक हसले. गेणूदादाच्या बोलण्यात खोच नव्हती, पण उत्तर त्याला हवं होतं. मुलाच्या चष्म्याने त्याला वीस वर्षं जे ऐकायला लावलं होतं, त्यापुढे बिनचष्म्याच्या पोरीने काय केलं हे त्याला तिच्या तोंडून कळायला हवं होतं.

"तुझा बाप म्हणतो, तुलाच नको होती. खरं का?"

समोरच्या ओळीत मल्हारीचा हात भातात थांबला. त्याने मान वर केली नाही. लंकाबाई हर्षालीच्या शेजारी होती. तिने पोरीकडे बघितलं, आणि आता ही सांगेल, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. सांगायला चार वाक्यं पुरली असती. लेसर कुणी करून घेतलं, का करून घेतलं, काय लिहिलेलं होतं, कुणी वाचलं नाही.

"हो दादा," हर्षाली म्हणाली. "मला नको होती."

गेणूदादाने मान हलवली. वत्सलाबाई पलीकडून म्हणाली, की आमच्या वेळी झाडूवाल्याची जागा कुणी सोडली नसती, आणि या इंजिन सोडतात. दोघीतिघींनी तिला दुजोरा दिला. गेणूदादा पुढच्या पानाकडे गेला. लंकाबाईने पदराने तोंड पुसलं आणि पोळी मोडायला घेतली, पण खाल्ली नाही.

मल्हारी जेवून उठला. हात धुऊन येताना तो बायकांच्या ओळीमागून आला. ती वाट त्याची नव्हती. हर्षालीच्या पाठीशी तो थांबला. अडीच महिन्यांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलला.

"जेवून घे," तो म्हणाला. "साडेपाचची गाडी हाय तुला."